स्वभाषेचे व्याकरण आणि परभाषेचे अध्ययन : नंदुरबारच्या बाजूने

स्वभाषेचे व्याकरण पक्के असेल तर परभाषा लवकर हस्तगत होते, ही समजूत मराठी शिक्षणव्यवहारात इतकी रुजलेली आहे की तिची चिकित्सा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. ‘आधी मराठीचे व्याकरण नीट कर, इंग्रजी आपोआप येईल’ हे वाक्य कानावर न पडता मराठी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी विरळाच. या समजुतीचा प्रतिपक्षही तेवढाच जुना आहे. मूल भाषा उचलते ती कानाने, सूत्रांनी नव्हे. व्याकरण हे भाषा आल्यानंतरचे शास्त्र आहे, भाषा येण्याचे साधन नव्हे, असे त्याचे म्हणणे. या वादात दोन्ही पक्षांनी मिळून एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, ‘स्वभाषेचे व्याकरण’ नावाची वस्तू आयतीच हाताशी आहे आणि प्रश्न केवळ तिच्या उपयोगाचा आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकावर आहे. ही वस्तू आपल्याकडे कोठून आली, कोणाच्या गरजेतून घडली आणि ती नेमकी कोणाची ‘स्व’भाषा सांगते, हे पाहिल्याविना तिच्या उपयोगाविषयी बोलणे व्यर्थ आहे. नंदुरबार जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करणाऱ्या माणसाला तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

इतिहासाकडे पाहू लागताच पहिली गोष्ट दिसते ती ही की, आपल्या परिसरातील भाषांची छापील व्याकरणे प्रथम परक्यांनी, परक्यांसाठी रचली. फादर थॉमस स्टीफन्सचे कोकणी भाषेचे पोर्तुगीज व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. तोवर त्याच्या मृत्यूला २१ वर्षे झाली होती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला निघाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या नवशिक्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवणे हे त्याचे प्रयोजन, आणि वैजनाथ पंडितांचे साहाय्य हा त्याचा आधार. महानुभाव परंपरेतील भीष्माचार्यांच्या ‘पंचवार्तिका’चा उल्लेख या ठिकाणी अनेकजण करतात आणि तो योग्यही आहे. परंतु त्या ग्रंथाची प्रेरणा सांप्रदायिक वचनांच्या अर्थनिर्णयाची होती. मराठी बोलणाऱ्याला त्याची भाषा शिकवण्याची नव्हे.

परक्यांनी व्याकरण रचले यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट व्याकरण कसे जन्मते याविषयी त्यातून पुष्कळ कळते. ‘घोडा’ या शब्दाला ‘ला’ लागताना मधे ‘घोड्या’ हे रूप का यावे, हा प्रश्न मराठी माणसाला पडण्याचे कारणच नसते. तो प्रश्न पडतो तो ‘घोडाला’ म्हणून फसलेल्या परक्याला. पुढे ज्याला आपल्या व्याकरणात ‘सामान्यरूप’ हे नाव स्थिरावले, त्याची जाणीव अशा फसगतीतूनच पक्की होते. परभाषिकाची अडचण ही स्वभाषेच्या व्याकरणाची जन्मभूमी होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. मराठीभाषकाने मराठीभाषकांसाठी लिहिलेल्या आरंभीच्या व्याकरणांत त्याला मानाचे स्थान आहे, आणि ‘मराठीचे पाणिनी’ ही उपाधी दादोबांना त्यावरूनच मिळाली. उपाधी गौरवाची असली तरी दिशाभूल करणारी आहे. दादोबांसमोरचा नमुना पाणिनीचा नव्हता. तो मुख्यतः लिंडले मरे या इंग्रजी वैयाकरणाचा होता. मरेचे व्याकरण १७९५ चे, आणि त्याची चौकट लॅटिन व्याकरणाच्या वळणावर बेतलेली. म्हणजे लॅटिनच्या साच्यातून इंग्रजी आणि इंग्रजीच्या साच्यातून मराठी असा हा प्रवास आहे. इंग्रजी शाळेत परभाषेचे व्याकरण शिकलेल्या एका बुद्धिमान तरुणाला आपल्याही भाषेला असे काही असले पाहिजे असे वाटले, आणि त्याने ते रचले. आपण आज विचारतो, स्वभाषेचे व्याकरण परभाषेला उपयोगी पडते काय? दादोबांच्या बाबतीत घडले ते नेमके उलट. परभाषेच्या व्याकरणाने स्वभाषेचे व्याकरण दाखवून दिले. आणि ‘मराठीचे व्याकरण शिकलेल्याला इंग्रजीचे व्याकरण सोपे जाते’ या अनुभवाचे एक साधे कारणही इथेच सापडते. दोन्हींचा साचा एकच असेल तर एकावरून दुसरे सोपे न जाईल तरच नवल!

शब्दांच्या आठ जाती हे याचे ढळढळीत उदाहरण. नाम, आख्यात, उपसर्ग, निपात ही यास्काची विभागणी किंवा सुबन्त-तिङन्त ही पाणिनीय विभागणी बाजूला राहिली आणि इंग्रजीतील आठ जाती मराठीच्या मानल्या गेल्या. या उसनवारीची चिकित्सा आपल्याकडे वेळोवेळी झाली आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांची उलटतपासणी केली, मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रचंड सामग्री आणून साच्याबाहेर कितीतरी उरते हे दाखवले, अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला, आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी या साऱ्या वादप्रवादांचा इतिहासच लिहून ठेवला. एवढे होऊनही शालेय पुस्तकातले व्याकरण फारसे हलले नाही. विद्वानांचे व्याकरण आणि शाळेचे व्याकरण यांच्यातील हे अंतर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तथापि या उसन्या साच्याने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर मराठी मुलुखातल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचे पहिले धडे गिरवले. या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी इंग्रजी बोलताना अडखळे, पण वाचताना सहसा अडखळत नसे. त्याला वाक्य उलगडता येई. कर्ता कोणता, कर्म कोणते, कोणता शब्द कोणाचे विशेषण आहे, हे तो आपल्या भाषेतील संज्ञांनी स्वतःला विचारू शके. आणि जिथे दोन भाषांचा साचा जुळत नसे तिथेच खरे शिक्षण होई. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्याचे इंग्रजी करताना ‘मला’चा कर्ता होतो आणि मराठीत क्रियापदाला वळवणारा ‘आंबा’ कर्म होऊन बसतो. मराठीत ‘मला आंबा आवडतो’ पण ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्यांच्या मागे जाते, आवडणाऱ्याच्या नव्हे. ‘मला ताप आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला चालवत नाही’ ही सारी वाक्ये त्याच जातीची. या रचनेत कर्ता कोणाला म्हणावे याविषयी मराठी वैयाकरणांत एकवाक्यता नाही. पण ज्याला हा प्रश्न एकदा पडला, तो इंग्रजी वाक्य केवळ पाठ करत नाही. ते वेगळे का आहे हे त्याला कळलेले असते. ‘मुलाने भाकरी खाल्ली’ येथील कर्मणी प्रयोगाचेही तसेच. मराठी क्रियापद भाकरीचे लिंगवचन घेते, इंग्रजी क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. स्वभाषेचे व्याकरण परभाषेला उपयोगी पडते ते साम्यापेक्षा अशा भेदांच्या ठिकाणी.

या बाबतीत लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचे १९३४ मधील विवेचन अद्याप ताजे वाटते. मूल स्वभाषेत विभक्ती आणि काळ अचूक वापरते. पण आपण ते वापरतो याची त्याला जाणीव नसते. परभाषा मात्र जाणिवेपासून सुरू होते आणि सहजतेकडे जाते. दोन्ही प्रवास परस्परांच्या विरुद्ध दिशेचे आणि म्हणूनच परस्परांना पूरक आहेत, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे उपयोगी पडते ते संज्ञांचे पाठांतर नव्हे. जे आपण नकळत करत होतो ते नियमाने करत होतो, हे कळणे उपयोगी पडते. ‘अरे, मी हे असे बोलतो काय!’ असा विस्मय एकदा झाला की भाषा ही पाहण्याजोगी वस्तू बनते आणि दुसरी भाषाही तशी पाहता येते. परंतु या विस्मयाची एक अट आहे. आरशात दिसणारा चेहरा आपला असला पाहिजे.

आणि येथेच नंदुरबारचा प्रश्न उभा राहतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक, आणि साक्षरतेचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी. अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याच्या सातपुड्यात पावरी आणि देहवाली, नवापुराकडे मावची, सपाटीवर भिलीच्या इतर बोली, अहिराणी आणि गुजरी, बाजारपेठेत गुजराती व हिंदी, आणि कचेरी व शाळा यांची मराठी, असा हा भाषिक नकाशा आहे. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या चौकात गोळी झेललेल्या शिरीषकुमारची मातृभाषाही गुजरातीच होती. अशा जिल्ह्यात पाठ्यपुस्तकाच्या वेष्टनावरची मराठी ही सर्वांचीच ‘प्रथम भाषा’ ठरते, आणि तिच्या व्याकरणाला ‘मातृभाषेचे व्याकरण’ म्हटले जाते.

या बोलींचे व्याकरणच नव्हते असेही नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. भिल भाषा आणि खानदेशी हा त्याचा विषय. मावचीसारख्या आपल्या परिसरातील बोलींची व्याकरणिक रेखाटने त्यात आहेत. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा त्या त्या बोलीत अनुवाद करवून घ्यायचा आणि त्यावरून रूपे काढायची, ही सर्वेक्षणाची पद्धत. पुन्हा तीच गोष्ट : परक्याने, परक्यासाठी. फरक इतकाच की कॅरीनंतर ३१ वर्षांनी मराठीला दादोबा मिळाले. मावचीची ती पृष्ठे मावची बोलणाऱ्याच्या शाळेत शतक उलटूनही पोचली नाहीत. सर्वेक्षणाने खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल भाषांच्या जोडीला बसवले, यावरून मराठी अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. अहिराणी मराठीची की गुजरातीची, याचाच तो वाद होता. ती बोलणाऱ्या मुलाच्या वर्गात या वादाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही.

वास्तविक तो प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. अहिराणीत ‘मी करस, तू करस, तो करस’ असे एकवचनाचे वर्तमानकालीन रूप एकच; आणि पुरुष म्हणो वा स्त्री, ‘मी करस’ हेच. प्रमाण मराठीत मात्र ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ असा लिंगभेद आला, ‘तू करतोस’ असा पुरुषभेद आला. अहिराणीभाषक मुलगी शाळेत प्रथम हा लिंगभेद शिकते, त्यात चुकते, बोलणी खाते. मग पाचवी-सहावीत इंग्रजीचे क्रियापद शिकताना तिला सांगण्यात येते की, इंग्रजीत हा लिंगभेद नसतो, हे लक्षात ठेव. लक्षात काय ठेवायचे? तिच्या घरच्या भाषेत तो नव्हताच! या एका बाबतीत तिची बोली इंग्रजीला मराठीपेक्षा जवळची आहे. परंतु तिच्या बोलीचे व्याकरण कोणाच्या ध्यानीमनी नसल्याने तिला मराठीच्या वळणाने लांबचा फेरा घ्यावा लागतो. एवढ्या साम्यावर मोठा सिद्धान्त उभारू नये हे मी जाणतो. पण भिन्न भाषांची तुलना करून अध्यापनाची आखणी करावी असे रॉबर्ट लॅडो १९५७ पासून सांगत आला, त्या तुलनेत आपण घरची बाजूच चुकीची धरली आहे, एवढे यातून नक्की दिसते.

दुसरे उदाहरण उच्चाराचे. भिलीच्या अनेक बोलींत सकाराचा हकार होतो. सर्वेक्षणानेही त्याची नोंद घेतली आहे. हा बदल नियमित आहे, कोठेही कसाही होत नाही. त्या बोलीचे मूल वाचताना ‘स’च्या जागी ‘ह’ म्हणाले की वर्गात हशा पिकतो आणि वहीत लाल रेघ येते. ज्या शिक्षकाला हा नियम ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने ती चूक नसून एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना पडलेले पाऊल असते. तो हसणार नाही, आणि ‘ह’ ऐकून ‘स’ कुठे अपेक्षित आहे हे मुलाला त्याच्याच शब्दांवरून दाखवील. स्वभाषेच्या व्याकरणाची गरज विद्यार्थ्याच्या आधी त्याच्या शिक्षकाला आहे, हे आपल्या चर्चेत कोठेच येत नाही.

भाषिक सीमेवर हा प्रकार विलक्षण रूप घेतो. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली. आज अक्कलकुव्यात देहवाली बोलणारे मूल मराठी शाळेत जाते; पलीकडे सागबारा-डेडियापाड्यात त्याच बोलीचे मूल गुजराती शाळेत. एकाच घराण्यातल्या, एकाच बोलीच्या दोन मुलांना ‘मातृभाषेचे व्याकरण’ म्हणून दोन वेगवेगळ्या भाषांची व्याकरणे शिकवली जातात. त्या दोघांपैकी कोणाला इंग्रजी अधिक सोपे जाईल, या प्रश्नाला आता काय अर्थ उरतो? दोघेही इंग्रजीच्या वर्गात शिरण्यापूर्वी एका परभाषेच्या व्याकरणातून गेलेले असतात आणि त्या परभाषेलाच त्यांची माता ठरवलेले असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. धडगावच्या किंवा मोलगीच्या आठवडी बाजारात जाऊन पाहावे. कधी शाळेत न गेलेली बाई पावरीत भाव सांगते, व्यापाऱ्याशी अहिराणी-गुजरातीच्या मिश्रणात घासाघीस करते, कंडक्टरशी मराठीत आणि ट्रकवाल्याशी हिंदीत बोलते. तिला कोणत्याच भाषेचे व्याकरण ठाऊक नाही. मग व्याकरण हवेच कशाला? आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. तिने या भाषा उचलल्या. त्या तिच्या भोवती होत्या, परस्परांच्या जवळच्या होत्या, आणि चुकले तर व्यवहार अडत नव्हता. शाळेतले इंग्रजी भोवती नसते. ते पुस्तकात असते, दूरच्या कुळशाखेचे असते, आणि चुकले तर मूल नापास होते. जी भाषा ऐकूनच येत नाही तिच्याकडे जाणिवेच्या वाटेनेच जावे लागते. बाजारातल्या त्या बाईकडून मात्र व्याकरणाच्या शिक्षकाने एक गोष्ट घ्यावी. ती एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा पहिलीची लाज बाळगत नाही.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. सातपुड्यातल्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ, त्याच जूनमध्ये दोन परभाषा एकदम सुरू झाल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी लादण्याचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला; त्या काळात मराठीच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले, आणि त्याच्याशी मी सहमत होतो. पण लहान मुलावर परभाषेचे ओझे नको, आधी मातृभाषा, हा जो युक्तिवाद त्यात वारंवार आला, तो पावरीभाषक मुलाच्या बाबतीत मराठीलाही लागू पडतो, हे म्हणणारे फार थोडे निघाले.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकात मुलांची बोली वर्गात आणली. वाहरू सोनवणे यांनी भिलीला साहित्याच्या व्यासपीठावर आणले. २०१३ मध्ये निघालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात या बोलींना जागा मिळाली. अहिराणीचे कोश आणि भाषावैज्ञानिक अभ्यासही झाले आहेत. परंतु या नव्या कामाबद्दल एक भीती मला वाटते. दादोबांनी मरेचा साचा घेतला, तसा आमचे विद्यार्थी आपल्या बोलीची व्याकरणे लिहिताना मराठीचा शालेय साचा घेत आहेत. त्याच आठ जाती, त्याच सात विभक्ती, तोच क्रम.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका विद्यार्थ्याला मी पदव्युत्तर वर्गाच्या लघुप्रबंधासाठी त्याच्या बोलीची नामरूपे गोळा करायला सांगितली होती. त्याने आणलेल्या कोष्टकात द्वितीया आणि चतुर्थी अशा दोन ओळी होत्या आणि दोहोंत तेच प्रत्यय, तेच शब्द पुन्हा लिहिलेले होते. दोन ओळी का केल्यास, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सर, मराठीच्या पुस्तकात दोन आहेत.’ मराठीत तरी त्या दोन का आहेत, असे मी विचारले. त्याने पुस्तक उघडले, दोन्ही ओळींतला ‘स, ला, ते’ बोटाने वाचला आणि बराच वेळ काही बोलला नाही. संस्कृतात या विभक्तींची रूपे वेगळी होती आणि तेथून हा क्रम आला, हे मी त्याला सांगितले. पुढच्या आठवड्यात त्याने नवे कोष्टक आणले. त्यात त्याच्या बोलीसाठी एकच ओळ होती. शेजारी मराठीचा रकाना त्याने नव्याने आखला होता आणि तेथेही दोन ओळींची एक केली होती.